चालू वर्तमानकाळ

क्लाक्स्विकला दंतवैद्याच्या वरच्या मजल्यावर
सुन्वाची खोली. दोन खुर्च्या, एक खिडकी,
खिडकीत धुकं, आणि खालून
कुणाच्या तरी दाढेत शिरणारं ड्रिल.
पहिल्या दिवशी मी म्हटलं, त्याला निदान बधिर तरी करतात.
ती हसली. मग म्हणाली, डोळे मिटा
आणि वर्तमानकाळात सांगा.

वर्तमानकाळात?
बाई, तीन वर्षं मी दुसऱ्या कुठल्या काळात राहतोय?

तरी सांगितलं.
फेब्रुवारी आहे. रात्रीचे दोन-सव्वादोन.
गळांचा दोर वर येतोय. एय्दुन माझ्या डावीकडे,
एकोणीस वर्षांचा, गालात
खारट ज्येष्ठमधाची काळी गोळी.
लाट येते.
तो कठड्यापलीकडे आहे, त्याचा हात माझ्या हातात.
मी धरलाय.
मी सोडतो.

संपलं. चार मिनिटंही झाली नसतील.
ती म्हणाली, पुन्हा.

बंदरावर लोक म्हणायचे, त्रोन्दुर,
तुझा काळ आला होता, वेळ आली नव्हती.
एय्दुनची दोन्ही आली,
हे कुणी म्हणायचं नाही.

सांगितलेलं सगळं ती रेकॉर्ड करून देई,
घरी रोज ऐकायला, खोकल्याच्या औषधासारखं.
मारिनसमोर नको वाटायचं. मग गाडी काढून
बोगद्याच्या तोंडाशी, कुंपणाला लागून उभी करायची
आणि ऐकायचं:
कुणी अनोळखी म्हातारा माझ्या आवाजात घसा खाकरतोय.
एक मेंढी काचेला नाक लावून बघायची.
तिला काही फरक पडत नव्हता.
बरं वाटायचं.

चौथ्या खेपेनंतर मी दोन आठवडे गेलोच नाही.
मारिन भांडी घासत होती, रबरी हातमोजे घालून.
ओल्या रबराचा तो चर्र आवाज.
मी स्वयंपाकघरातून थेट बाहेर, अनवाणी, बर्फात.
तिने हातमोजे कचऱ्यात टाकले.
तेव्हापासून तिच्या बोटांना भेगा आहेत.
त्यावर आम्ही दोघंही बोलत नाही.

परत गेलो तेव्हा सुन्वाने, कुठे होतात, असं विचारलं नाही.
खुर्ची जागेवर होती. खाली कुणाची तरी दाढ.

सातव्यांदा सांगताना तिने मधेच थांबवलं.
हातात नक्की काय आहे?
हात.
कसा लागतोय?
कसा म्हणजे? हातासारखा...
नाही.
खरखरीत आहे. नारिंगी आहे. रबर आहे.
थांबा.
माझी मूठ मिटलेली आहे.
कप्तान ती उघडायला बघतोय, एकेक बोट,
आणि ती उघडत नाहीये.
आत त्याचा हातमोजा आहे.
आतून अजून गरम आहे.

ड्रिल थांबलं होतं, की मला ऐकू येत नव्हतं, कोण जाणे.

यातून मी सुटलो असं समजू नका.
मनगट धरायला हवं होतं. ते आहेच.
पोरगा पाण्यात आहे, तेही आहेच.

आहे? सुन्वाने विचारलं. अगदी हळू.

मी तो शब्द बराच वेळ तोंडात घोळवला,
त्याच्या त्या काळ्या गोळीसारखा.
आधी खारट, मग कडू.
होता, मी म्हटलं.
पोरगा पाण्यात होता.
फेब्रुवारी होता.
मी रडलो नाही. नाक मात्र गळत राहिलं,
आणि जिन्यावरून कुणीतरी बधिर तोंडाने
दंतवैद्याला धन्यवाद म्हणत उतरलं.

येताना दुकानात भांडी घासायचे हातमोजे घेतले.
पिवळे. नारिंगी नाही, एवढ्यात नाही.
मारिनच्या मापाचे आहेत की नाहीत ठाऊक नाही.
घरासमोर गाडी उभी आहे, इंजिन बंद आहे,
पाकीट शेजारच्या सीटवर आहे.
अजून फोडलेलं नाही.